झिपऱ्याची अर्धी भाकरी

जनावरं माणसांहून जास्त बोलायची, तेव्हाची गोष्ट. बोक्याने चुलीपाशी घरधनीण गोदाक्काला बोलताना ऐकलं, "झिपऱ्याला उद्यापासून अर्धीच भाकरी, आणि मग..." पुढचं ऐकायला तो थांबतोय कुठला!

"म्हाताऱ्या कुत्र्याला उपाशी ठेवून हाकलणार हो!" बोक्याने गोठाभर केलं.

झिपऱ्या घाबरला. बोक्याने आपलं दूध दिलं, कोंबडीने अंडं. "बाबा, तू उठूच नकोस," सगळी म्हणाली. खाऊन खाऊन तो फुगला, गुडघे पार आखडले.

गोदाक्काने त्याला हळूच उभं केलं. "अरे, गुडघ्यांवर भार नको म्हणून भाकरी कमी केली. चल, विहिरीपर्यंत रोज चालायचं."

पुढे झिपऱ्या एकटाच विहिरीवर जाऊ लागला.

"अर्धी भाकरी खरी निघाली ना?" बोका म्हणाला.

"आणि हाकलणं?" कोंबडीने विचारलं.

"ते मी काळजीपोटी जोडलं."