पोहरा भरून हवा

वारणेवर पूल नव्हता आणि बेलवळीला यायचं तर नावेतूनच यावं लागायचं, त्या काळातली ही गोष्ट. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली, त्यांच्या पणतवंडांचेही केस आता पिकलेत. तरी गावात कुणालाही विचारा. नेमण्णा मास्तरांचं नाव काढलं की माणूस हातातलं काम बाजूला सारतो आणि सांगायला बसतो.

बेलवळी हळदीचं गाव, आणि हळद ठेवायची ती पेवात. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र बैलगाडी वळेल एवढं. हळद भरली की तोंडावर शिळा, शिळेवर माती. वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा राहायचा. पण पेव उघडलं की त्याच्या पोटात मरण बसलेलं असायचं. आतली हवा कोंडून विषारी झालेली असायची. ती दिसायची नाही, कळायची नाही. घाईनं उतरलेला माणूस हाकेला ओ द्यायचा नाही.

नेमण्णा मास्तर शाळेवर आले त्याच साली दोन हमाल असे गेले. मास्तर तेव्हा तरणे होते. आपल्या शाळेतलं एकही पोर असं जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि पोरांसाठी एक गाणं रचलं.

पेवाची हवा जड जड जड,
तळाशी बसते मारून दड;
दिवा विझला, उतरू नका,
जिवाला आपल्या मुकू नका.

रोज सकाळी सगळी शाळा एका सुरात ते म्हणायची. असं म्हणतात, पैलतीराला नावाडी ते ऐकून वल्हं मारायचा. शाळा तपासायला दिपोटीसाहेब घोड्यावरून यायचे. त्यांनी विचारलं, “पेवातली हवा कुठं असते?” तर पारिसा चौगुले ताडकन उठला. “तळाशी, साहेब. ती जड असते.” साहेबांनी त्याची पाठ थोपटली. मास्तरांचा ऊर भरून आला. सतरा वर्षं ते गाणं चाललं आणि सतरा वर्षं मास्तर निर्धास्त झोपले.

पारिसा मोठा झाला, शेतीला लागला. एका चैत्रात चौगुल्यांनी पेव उघडलं. नदीकाठी नाव थांबलेली, गाड्या जुंपलेल्या. पारिसानं दोराला दिवा बांधून आत सोडला. दिवा अर्ध्यावर जाऊन विझला. पारिसानं तो वर ओढला, बाजूला ठेवला आणि थोरल्या भावाला, आडगोंडाला म्हणाला, “उतर दादा. काय न्हाई.”

आडगोंडा उतरला. असं म्हणतात, त्याच्या कमरेला दोर बांधताना पारिसा तेच गाणं गुणगुणत होता.

मास्तर धावत आले तेव्हा दोर ताठ झाला होता आणि हिसक्याला जुमानत नव्हता. मास्तरांनी लिंबाचे डहाळे बांधून पेवात सोडले, वरखाली, वरखाली घुसळले. कुणी म्हणतं शंभरदा, कुणी म्हणतं हजारदा. मग दिवा तळाशी जाऊन तेवत राहिला आणि मास्तर स्वतः उतरले. आडगोंडाला खांद्यावर घेऊन वर आले. पण आडगोंडा गेला होता.

सुतक फिटल्यावर मास्तर पारिसाकडे गेले. पारिसा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

“पारिसा,” मास्तर म्हणाले, “तुला उत्तर येत होतं. दिपोटीसाहेबांना तूच सांगितलं होतंस.”

“येत हुतं की, मास्तर. अजून येतंय.”

“मग?”

पारिसानं भिंतीकडचं तोंड वळवलं. मग म्हणाला, “खरं वाटत न्हवतं. हवा म्हंजे रिकामं. रिकाम्याला वजन कुठनं आलं? दिवा विझला, मला वाटलं आत वारा न्हाई म्हणून विझला. मानूस काय दिवा हाय का? गाणं साळंचं हुतं, मास्तर. प्याव आमचं हुतं.”

असं म्हणतात, मास्तर उठले ते चपला तिथंच विसरून चालू लागले. ते शाळेत आले. पोरांना म्हणाले, “आज गाणं नको. हवेला वजन असतं का? शाळेतलं नको सांगू, तुला मनातून काय वाटतं ते सांग.” एकेक पोर उठलं. नसतं, मास्तर. नसतं, मास्तर. एक म्हणाला, विषारी हवा धुरासारखी वर जाते, म्हणून पेवात खाली वाकून राहावं. मास्तर तडक बाहेर पडले. ते घरोघर फिरले. जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं, बाप्यांना विचारलं, लेकुरवाळ्या बायांना विचारलं. गाणं सगळ्यांना तोंडपाठ होतं. खरं कुणालाच वाटत नव्हतं. सतरा वर्षं पोरं मरणाच्या तोंडाशी गात उभी होती आणि आपण टाळ्या वाजवत होतो, असं त्यांना झालं. तीन दिवस त्यांच्या घशाखाली अन्न उतरलं नाही.

चौथ्या दिवशी भर दुपारी, वारा पडलेला असताना, त्यांनी गाव गोळा केलं. बस्तीच्या, म्हणजे जैनांच्या देवळाच्या सात पायऱ्यांवर सात पणत्या लावल्या. चौगुल्यांच्या पेवावर शिळा परत बसवली होती, हळद आतच होती. मास्तरांनी शिळा बाजूला करवली आणि विहिरीत सोडतात तसा दोर लावून पोहरा आत सोडला. डुबवला, सावकाश वर घेतला. लोकांनी डोकावून पाहिलं. पोहरा रिकामा! मास्तर मात्र तो काठोकाठ भरलेला असल्यासारखा, दोन्ही हातांनी धरून, पाऊल जपत निघाले. मास्तरांना वेड लागलं, असं बायका कुजबुजल्या.

ते पायऱ्यांपाशी आले, वर चढले, आणि पोहरा वाकडा करणार तोच आडगोंडाची आई आवाक्का आडवी आली.

“ओतू नका, मास्तर! माझ्या लेकाचा शेवटचा श्वास हाय त्यात.”

कुणीतरी तिला ओढायला पुढं झालं. मास्तरांनी त्याला थांबवलं. ते आवाक्काला म्हणाले, “असेलही. मला ठाऊक नाही. तुम्हीच सांगा आवाक्का, हे आडगोंडाचंच आहे का, ते कसं ओळखायचं?”

आजवर तिला कुणी असं काही विचारलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले, विचार केला आणि म्हणाली, “मगदुमाच्या प्यावात कुणी मेलं न्हाई कधी. त्यातलं आणा. त्यानं बी दिवं इझलं, तर ह्यो माझा लेक न्हवं.”

मगदुमाचं पेव उघडलं. त्यातून दुसरा पोहरा आला; पहिला बाजूला ठेवला. आवाक्का स्वतः मास्तरांच्या शेजारी उभी राहिली. मास्तरांनी वरच्या पायरीवर तो दुसरा पोहरा हळूच वाकडा केला. त्यातून काहीच पडलं नाही. आणि पणती विझली.

मग दुसरी विझली. मग तिसरी. कुणी फुंकलं नाही, पान हललं नाही, पण न दिसणारं काहीतरी पायरी पायरीनं पाण्यासारखं खाली उतरत होतं आणि एकेक ज्योत गिळत होतं. सातवी पणती विझली तेव्हा खालच्या पायरीजवळ बसलेली माणसं किंचाळून मागे सरली. म्हातारे हात जोडून उभे राहिले. असं म्हणतात, बस्तीवरची कबुतरं उडाली ती संध्याकाळपर्यंत परतली नाहीत.

पारिसा रिकाम्या पोहऱ्यात हात घालून बघत होता. “जड हाय,” तो म्हणाला. “खरंच जड हाय.” आणि तो मोठ्यानं रडला. भाऊ गेला त्या दिवशीही तो असा रडला नव्हता.

आवाक्का विझलेल्या पणत्यांकडे पाहत पायरीवर बसली. “म्हंजे भूत न्हाई, करणी न्हाई,” ती म्हणाली. “माझा लेक नुसत्या हवेनं गेला?”

मास्तर तिच्या पायांशी बसले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, “हवेनं गेला, आवाक्का. आणि माझ्यामुळं गेला. मी सतरा वर्षं पोरांना उत्तरं सांगितली. त्यांना काय वाटतं, ते एकदाही विचारलं नाही.”

मास्तरानं आपली चूक चारचौघांत सांगावी, हे तोवर कुणी ऐकलं नव्हतं. पणत्या विझलेल्या पाहून लोक दचकले होते, पण या बोलण्यानं जास्त हादरले. आवाक्कानं मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी निघून गेली.

पुढं मास्तर छत्तीस वर्षं त्या शाळेत होते. ते गाणं त्यांनी पुन्हा म्हणवून घेतलं नाही. पोरानं बरोबर उत्तर दिलं तरी ते विचारायचे, “पण तुला काय वाटतं?” आणि चुकीचं उत्तर आलं की खुर्ची पुढं ओढून बसायचे. असं म्हणतात, त्यानंतर बेलवळीच्या पेवात माणूस मेला नाही.

बेलवळीत आजही पेव उघडायचं तर एक रीत आहे. दोर घरातल्या सर्वांत वयस्कर बाईच्या हातात असतो. उतरणाऱ्यानं तिच्यापुढं उभं राहून, आत हवा कशी आहे आणि आपण का मरणार नाही, हे आपल्या शब्दांत सांगायचं. पाठ केलेलं चालत नाही. मग ती म्हणते, “मास्तरांच्या नावानं खरं सांग. तुला काय वाटतं?”

गेल्या चैत्रात चौगुल्यांच्या घरचा एक गडी उभा राहिला. दिवा तळापर्यंत जळत होता, टेम्पो दारात उभा होता. त्यानं सगळं नीट सांगितलं. मग खाली बघून म्हणाला, “पण काकू, मनाला अजून पटत न्हाई.”

म्हातारीनं दोर गुंडाळून मांडीवर ठेवला. टेम्पो रिकामा परत गेला. त्याला काय पटत नाही ते ऐकायला सगळे पेवाच्या काठाशी बसले, आणि कुणी हसलं नाही.