गुंडाळलेली तार

"मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर, अप्पा?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर द्याल? मोबाईलवरच्या व्हिडिओतला माणूस एक सांगतो, दुकानदार दुसरंच. आणि तो दुकानदार मीच, तेव्हा मी त्याला मठातल्या अप्पांकडे आणलेलं.

विचारणारा सातगोंडा. धंदा पोल्ट्रीचा, नाद रिमोटच्या गाड्यांचा. दुपारी मठामागच्या माळावर शर्यत होती आणि 'कप आपलाच' असं यानं गावभर सांगून ठेवलेलं. उडी घेताना गाडीचं नाक खाली जायचं, म्हणून त्यानं बॅटरी मागे नेली. तार पुरेना, तर जोड देऊन वाढवली. तेव्हापासून दोन कंट्रोलर जळाले. कंट्रोलर म्हणजे बॅटरीची वीज सेकंदाला हजारदा बंद-चालू करून मोटरला मापून देणारी डबी. तिसरी डबी गाडीत बसवलेली, आणि चौथी अख्ख्या तालुक्यात नव्हती.

"तो मोबाईलवाला म्हणतो, बॅटरीची तार खुशाल वाढव. हे शेठ म्हणतात, ती आखूडच ठेव, वाढवायची तर मोटरकडची वाढव."

विरूपाक्ष अप्पा केळींना पाणी देत होते.

"किती वाढवलीस?"

"चार बोटं."

टाकीपासून केळींपर्यंत लांबच लांब लोखंडी नळ होता. अप्पांनी त्याच्या टोकाच्या चावीकडे बोट दाखवलं.

"बंद कर. एकदम."

सातगोंडानं चावी फिरवली. धाड्! नळ हादरला. कठड्यावरचे पारवे उडाले.

"कुणी मारलं?"

"पाण्यानं."

"पाणी तर थांबलं होतं."

"म्हणजे… पळतं पाणी मी एकदम अडवलं, त्याचा धक्का?"

अप्पांनी त्याला टाकीजवळ नेलं. तिथं वीतभर नळाला दुसरी चावी होती. तीही त्यानं तशीच फटकन बंद केली. आवाज नाही.

सातगोंडा माझ्याकडे बघायला लागला. मी केळींकडे.

"पण अप्पा, माझी तर चारच बोटं…"

अप्पांनी गाडीचं झाकण काढलं. बॅटरीखाली तारेचं वेटोळं चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं. अप्पा उलगडत गेले, तार येतच राहिली. हातभर झाली.

"ही?"

"ती होय… बॅटरी आणखी सरकवावी लागली तर असू दे म्हणून. गुंडाळलेली आहे ना! दिसायला चारच बोटं."

"विजेला तसं सांगितलंस?"

एकदा आमच्या काट्यावर एक गिऱ्हाईक वजन करायला चढलं होतं. चपलांचं वजन नको म्हणून चपला काढल्या, आणि हातात धरल्या. मला ते आठवलं. पण हसायची ती वेळ नव्हती. सातगोंडाचा चेहरा उतरला होता.

"कापली आणि कमी पडली, तर बॅटरी पुढं, नाक खाली. नाही कापली, तर डबी जळणार. दोन्हीकडनं मीच मेलो!"

अप्पांनी पक्कड पुढे केली. घाईत त्यानं लाल-काळी दोन्ही तारा एकदम तिच्यात धरल्या. बॅटरी जोडलेलीच होती.

अप्पांनी मनगट पकडलं.

"आधी बॅटरी सोडव. मग एकेक."

त्यानं बॅटरी सोडवली. पक्कड लाल तारेवर ठेवली, आणि थांबला.

"एवढं तरी सांगा अप्पा… त्याचं ऐकू, का शेठचं?"

अप्पांनी नळाची चावी हळूहळू उघडली. पाणी पुन्हा केळींकडे निघालं.

"कुणाचंही ऐक बाबा. पण गुंडाळलेलीसुद्धा मोजत जा. तेवढा हिशेब खरा ठेव."