खुंट्याभोवती

बैल बोलत आणि धनी ऐकून न ऐकल्यासारखं करत, तेव्हाची गोष्ट. तेलाच्या घाण्यांवरचे सगळे बैल अडून बसले होते. "एकेकट्याला गाठू नका, आम्हा सगळ्यांशी मिळून बोला," एवढंच त्यांचं मागणं. उन्हाळा सरला, पावसाळाही गेला. घाणे कोरडे पडले.

म्हातारा चांद्या मात्र सवयीने आपल्या खुंट्याभोवतीच फिरत राहायचा.

एके सकाळी धनी ओंजळभर पेंड घेऊन गुपचूप त्याच्याकडे आला. "घाण्याची एवढी ओढ आहे ना तुला? मग चल की!"

चांद्याने पेंडीचा वास खोल ओढून घेतला. "फार आहे, धनी. ती करकर कानात नसली की झोप लागत नाही. पण बाकीच्यांना बोलावलंत का?"

धन्याने मान फिरवली.

घाण्यावर डोळ्यांना झापडं असायची. चांद्याने आपणहून डोळे मिटले आणि तो पुन्हा खुंट्याभोवती फिरू लागला.