चिंगीची सुरळी आणि चौथा खांब

दुपारभर मागे लागलात. सांगा, सांगा. म्हाताऱ्याचा डोळा लागू देत नाही. सांगतो. पण मध्ये बोलायचं नाही, आणि माझ्या मिशा ओढायच्या नाहीत.

एक होती उंदरी. एवढीशी, चिंचोक्याएवढी. नाव चिंगी. राहायची सुताराच्या पडवीत. सुतार लाकडावर रंधा मारायचा. सर्र सर्र. पातळ साल निघायची. तिची गोल सुरळी व्हायची. त्या सुरळीत चिंगी झोपायची. मऊ. गरम. तिच्या मापाची.

एक दिवस आली केरसुणी. खर्र खर्र. सुरळी गेली चुलीत.

चिंगी रडत बसली नाही. निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

सुतार छपरी पलंग करत होता. चार कोपऱ्यांना चार उंच खांब, वर छप्पर. पण खांब उभे होते तीनच.

"सुतारमामा, सुतारमामा,
केरसुणीने नेली सुरळी.
मी झोपू कशात?"

सुतार म्हणाला, "चौथा खांब येऊ दे. मग वरची पट्टी रंधीन. तोवर रंधा हलणार नाही. जा."

तुरुतुरु, तुरुतुरु.

खांब गोल करतो तो कातारी. त्याच्याकडे लाकूड फिरत होतं. गर्रर्र गर्रर्र. खांब झाला होता गुळगुळीत. लाखेने लालेलाल.

"कातारीबाबा, कातारीबाबा,
केरसुणीने नेली सुरळी,
सुतार रंधा मारीना.
मी झोपू कशात?"

कातारी म्हणाला, "लाखेला चमक येते केवड्याच्या पानाने. घासल्याशिवाय माझा खांब दाराबाहेर जात नाही. पान आण."

तुरुतुरु, तुरुतुरु.

केवडा ओहोळाकाठी उभा. मान खाली, पानं मलूल.

"केवडेदादा, केवडेदादा,
केरसुणीने नेली सुरळी,
सुतार रंधा मारीना,
कातारी खांब देईना.
मी झोपू कशात?"

केवडा म्हणाला, "घसा सुकलाय माझा. आधी ओहोळाचं पाणी येऊ दे. मग पान."

तुरुतुरु, तुरुतुरु.

ओहोळ गप्प. खळखळ नाही, झुळझुळ नाही.

"ओहोळबाबा, ओहोळबाबा,
केरसुणीने नेली सुरळी,
सुतार रंधा मारीना,
कातारी खांब देईना,
केवडा पान देईना.
मी झोपू कशात?"

ओहोळ म्हणाला, "मी काय करू? ती बघ, म्हैस मधोमध आडवी. ती उठू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु.

म्हैस रवंथ करत होती. चब चब. चब चब.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी,
केरसुणीने नेली सुरळी,
सुतार रंधा मारीना,
कातारी खांब देईना,
केवडा पान देईना,
ओहोळ पाणी सोडीना.
मी झोपू कशात?"

म्हैस म्हणाली, "पाठीला गोचीड चावतात. बगळा येऊन टिपू दे. तोवर उठायची नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु.

बगळा बांधावर एका पायावर उभा. म्हशीकडे पाठ करून.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ,
केरसुणीने नेली सुरळी,
सुतार रंधा मारीना,
कातारी खांब देईना,
केवडा पान देईना,
ओहोळ पाणी सोडीना,
म्हैस जागची उठेना.
मी झोपू कशात?"

बगळा म्हणाला, "तिने मला शेपटी मारली. फटाक. पांढरा होतो, चिखलात काळा झालो. चुकलं म्हणाली का? नाही. आधी म्हणू दे."

चिंगी दमली होती. उन्हं उतरली होती. तरी निघाली. तुरु... तुरु... तुरु.

"म्हैसमावशी, तुझी शेपटी लागली बगळेभाऊंना."

"लागली? मी तर माशी हाकत होते."

चब चब. चब चब. मोठं डोकं. त्याला वेळ लागतो.

मग म्हैस म्हणाली, "चुकलं रे बगळ्या."

एवढंच म्हणाली. एवढ्यानेच झालं.

बगळा आला, टोक टोक. म्हैस उठली, फस्सक. ओहोळ सुटला, खळखळ खळखळ. केवडा प्यायला, गट गट. त्याने पान दिलं. पानाच्या कडेला काटे. चिंगीने जपून ओढत नेलं. कातारीने पान खांबाला लावलं, खांब फिरवला. गर्रर्र गर्रर्र. अशी चमक, की खांबात चिंगीला चिंगी दिसली.

कातारी खांब घेऊन आला. सुताराने तो बसवला. ठक ठक. पलंग हलला. डुगडुग, डुगडुग.

"खांब आखूड," सुतार म्हणाला.

"जमीन बघ तुझी," कातारी म्हणाला.

पलंग जरा सरकवला. डुगडुग थांबली.

सुतार वळला वरच्या पट्टीकडे. रंधा घेतला. सर्र सर्र. सुरळी पडली. गोल. पातळ. लाकडाचा ताजा वास. चिंगी आत शिरली. शेपटी आत ओढली. झोपली.

केरसुणी आली. खर्र खर्र. सुरळीला वळसा घालून गेली.

झाली गोष्ट. आता तुम्हीही निजा. म्हैस असून ती चुकलं म्हणाली. चुकलं म्हणायचा राहिलाय एकच. माझ्या खांबाला आखूड म्हणणारा तो बाबली सुतार.