झिपऱ्या कोल्ह्याची मौजेची रात्र

नदीकाठच्या कलिंगडांच्या मळ्यांना कुंपणं नव्हती, त्या काळची ही गोष्ट. झिपऱ्या नावाचा एक प्रौढ कोल्हा होता. "आमच्या तरुणपणी आम्ही तीन-तीन रात्री बिळात परतत नसू," असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. एकदा तरुण कोल्ह्यांनी त्याला शब्दात पकडलं. "मग काका, आज चलाच आमच्याबरोबर!"

झिपऱ्याचा नाइलाज झाला. दुपारभर झोपून घेऊन तो निघाला. पहिल्याच मळ्यात पोरांनी कोल्हेकुई सुरू केली. "जरा हळू रे, बोललेलं ऐकू येत नाही," झिपऱ्या कुरकुरला. मग त्याला दव बाधू लागलं. शेवटी एक कोरडी जागा शोधून तो बसला आणि निवांत कलिंगड खाऊ लागला.

पोरं मात्र एकेक चावा घेऊन म्हणाली, "इथं काही दम नाही. खरी मजा पलीकडच्या मळ्यात असणार." तिथं पोचल्यावर त्यांना त्याच्याही पलीकडचा मळा खुणावू लागला. असे पाच मळे झाले. पाचव्या मळ्यात कुत्री होती.

सकाळी पोरं लंगडत, उपाशीपोटी परतली. एकाची तर शेपटी अर्धीच उरली होती. तरी तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "काका, अशी रात्र पुन्हा होणे नाही! तुम्ही कुठं गायब झालात?"

"मी चंद्र उगवायच्या आत घरी आलो."

"अरेरे! म्हणजे तुम्हाला मजा आलीच नाही?"

"आली की! तुम्ही पुढं गेलात आणि मला बोलवायला विसरलात ना, तेव्हा जी मजा आली, ती तरुणपणीसुद्धा कधी आली नव्हती."