चालू मशीनला कुंकू

जुई टेबलफॅनमध्ये बोट घालेल, या धास्तीनं माझी झोप उडाली होती. रागावून पाहिलं, उपयोग शून्य. शेवटी शिकल्यासवरल्या आया करतात तेच केलं. तिला गोष्ट सांगितली, माझ्या वडिलांची, अण्णांची.

अण्णा सांगलीच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर होते. मालक दाभोळेशेठनी त्या मशीनची जाळी काढून ठेवली. "जाळीनं माल कमी निघतो. लक्ष देऊन काम केलं की हात जात नाही!"

आली खंडेनवमी. पूजेला अण्णांबरोबर मीही गेले होते. झेंडू आणि ग्रीसचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. पूजेसाठी सगळी मशीनं बंद, अण्णांचं मात्र धडधडतंय. शेठ कुंकवाचं बोट पुढं करून थबकले.

"अहो, बंद करा की! बोट जाईल माझं!"

अण्णांनी हात जोडले. "लक्ष देऊन लावा शेठ, बोट जात नाही."

कामगार खाली बघून हसले. दुपारच्या आत जाळी बसली. अण्णांची दहाही बोटं शेवटपर्यंत शाबूत राहिली. माझ्या वेण्या त्याच बोटांनी घातल्या.

जुईनं पंख्याकडे पाहिलं.

"मग आई, आपल्या पंख्याची जाळी तू माळ्यावर का ठेवलीस?"