कारवीचा काळा मध

ज्यांनी बाजाराचे नियम लिहिले, त्यांनी कारवीचा मध कधी चाखलाच नव्हता!

पाखरं तळ्याकाठी बाजार भरवत, त्या काळची ही गोष्ट. सात वर्षांनी डोंगरावर कारवी फुलली आणि मधमाश्या मध घेऊन खाली आल्या. मधाच्या बदल्यात उन्हाळ्यापुरती तळ्यातली कमळं मिळाली नसती, तर पोळ्यातली पिल्लं उपाशी मेली असती.

बाजाराच्या दारावरचा बगळा गोड हसला. "जकात काही नाही हो, ताई. फक्त मध पळसाच्या पानात नको, कमळाच्या पानात आणा."

दुसऱ्या दिवशी माश्यांनी पान बदलून आणलं.

"पण रंग?" बगळा म्हणाला. "आमच्या तळ्याकाठच्या माश्यांच्या मधापेक्षा काळा दिसतोय."

"कारवीचा मध काळाच असतो, भाऊ!"

"मग तपासावा लागेल. महिनाभर थांबा."

म्हातारी माशी उसळली. "आत्ताच तपासा! आणि त्याच गाळणीतून तुमचाही गाळा, सगळ्यांसमोर."

पाखरं गोळा झाली. कारवीचा मध सरळ गळून गेला. तळ्याकाठच्या मधातून मुंग्यांचे पाय निघाले. पाखरांनी बगळ्याला बाजूला सारून माश्यांना आत नेलं.

दाराशी बसलेला बेडूक म्हणाला, "दार उघडंच होतं की! उंबरा तेवढा रोज उंच होत होता."